न झालेली कोंडी

मशीन अडकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे दोन आठवडे मला हे वाक्य निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या सुरात सांगावं लागलं.

रात्रभर लावून ठेवलेली टेस्ट सकाळी उघडली तर सगळं हिरवंगार. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या मालाचे फोटो काढणारं एक कार्ड, त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, आणि नव्याने बसवलेला 5.10 कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. माझं काम एवढंच, की जुनं घर सोडून नव्या घरात आलेल्या ड्रायव्हरला काही खुपत नाहीये ना ते बघायचं. खुपत नव्हतं. पण सीरियल कन्सोलचा लॉग, म्हणजे कर्नलने छापलेल्या नोंदी, खालपर्यंत चाळायची मला सवय आहे, जशी काही जणांना पेपरातल्या निधनवार्ता वाचायची असते. त्या लॉगच्या मधोमध, रात्री दोनच्या सुमाराला, कर्नलने पन्नास-साठ ओळींचं एक पत्रक काढलं होतं: पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड. म्हणजे लॉक घेण्याच्या क्रमात एक वर्तुळ सापडलंय, कोंडी होऊ शकते. पत्रकाच्या शेवटाकडे दोन रकाने, दोन सीपीयू, प्रत्येकाने कुठला लॉक धरलाय आणि कुठला मागतोय ते, आणि त्यांच्या खाली तीन-तीन चांदण्यांच्या मध्ये मोठ्या अक्षरांत ‘डेडलॉक’.

त्यानंतर टेस्ट आणखी पाच तास चालली आणि पास झाली.

ज्यांचा या गावाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्नलमध्ये एकाच वहीत एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून लॉक असतो. ज्याने घेतला त्याने काम उरकून सोडायचा, तोवर बाकीच्यांनी रांगेत झोपायचं. एक लॉक असतो तेव्हा फार तर उशीर होतो. दोन आले की क्रमाचा प्रश्न येतो. एकाने आधी अ घेतला आणि मग ब मागितला, दुसऱ्याने त्याच क्षणी आधी ब घेतला आणि मग अ मागितला, तर दोघेही समोरच्याने सोडायची वाट बघत कायमचे झोपतात. यात बिघडलेलं काहीच नसतं. दोघेही नियमाने वागत असतात.

आमच्या ड्रायव्हरमधले दोघे असे होते. पहिला आयऑक्टल. प्रोग्रामने ड्रायव्हरला काही विचारायचं झालं, उदाहरणार्थ ‘तुझ्याकडच्या बफरांची, म्हणजे फोटो ठेवायच्या जागांची, यादी दे’, तर तो या दाराने येतो. आत शिरताच ड्रायव्हर आपला लॉक घेतो, उत्तर तयार करतो आणि कॉपी-टू-यूजर करून प्रोग्रामच्या मेमरीत ठेवतो. आता प्रोग्रामच्या मेमरीतलं ते पान त्या क्षणी हजर असेलच असं नाही. नसलं तर पेज फॉल्ट होतो, आणि ते पान आणून बसवायला कर्नलला त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या त्या प्रोग्रामच्या, अख्ख्या मेमरी नकाशाचा लॉक लागतो. त्याचं नाव एममॅप लॉक. म्हणजे क्रम झाला: आधी ड्रायव्हरचा, मग एममॅप.

दुसरा एममॅप हे कामच. प्रोग्राम म्हणतो, तो फोटोचा बफर सरळ माझ्या मेमरीत दाखव. यात कर्नल आधी एममॅप लॉक घेतो आणि तो हातात ठेवूनच ड्रायव्हरला हाक मारतो. ड्रायव्हर बफर जागेवर आहे ना हे बघायला आपला लॉक घेतो. क्रम: आधी एममॅप, मग ड्रायव्हरचा.

वर्तुळ पुरं. आणि दोन्ही फंक्शनं वेगवेगळी वाचली तर कुठल्याही मुलाखतीत पास होतील अशी स्वच्छ.

मग इतकी वर्षं काहीच कसं झालं नाही? याचंही उत्तर कोडमध्येच होतं. दोघांचा एममॅप लॉक एकच असायला दोघे एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन धागे, हवेत, आणि ग्राहकाचा प्रोग्राम एकाच थ्रेडचा होता. शिवाय यादीसाठीची जागा प्रोग्राम नुकतीच शून्यांनी भरून देत असे, म्हणजे ते पान हजरच असायचं आणि पेज फॉल्ट व्हायचाच नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही समोरच्याच्या साधेपणावर निभावून नेत होतो.

मॅनेजरने विचारलं, “फील्डमधून तक्रार आहे?”

“नाही.”

“आपल्याकडे कधी अडकलंय?”

“नाही. पण अडकू शकतं.”

“अडकू तर काहीही शकतं,” तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. त्याच्यापुढे त्या आठवड्यात खरोखर अडकलेल्या सात गोष्टींची यादी होती. न अडकलेल्या आठवीला जागा कुठून देणार? पण मला राहवेना. त्याला पटवण्यापेक्षा मलाच ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

म्हणून मी कोंडी घडवायला बसले. साधा कर्नल घेतला, ते पत्रक काढणारा तपासनीस बंद केलेला. एक प्रोग्राम लिहिला, तीन थ्रेडचा. एक थ्रेड सारखी यादी मागतोय. दुसरा सारखा बफर जोडतोय आणि सोडतोय. तिसरा दुष्ट: यादीसाठीचं पान तो एमअ‍ॅडव्हाइझने सारखं कर्नलला परत करून टाकतो, म्हणजे प्रत्येक वेळी पेज फॉल्ट होणारच. वर ड्रायव्हरमध्ये लॉक घेतल्यानंतर आणि कॉपी करण्याआधी 50 मिलिसेकंदांची डुलकी घातली. हे फसवणं नव्हे. फट होतीच, मी फक्त तिच्यात पाचर घालून ती रुंद केली.

प्रोग्राम चालू केला आणि चहा ओतून घेतला. परत बघते तर आकडे थांबलेले. कंट्रोल-सी दाबलं, ढिम्म. किल वजा नऊ, ढिम्म. वजा नऊ हे कर्नलचं ब्रह्मास्त्र समजतात, पण या जातीच्या झोपेत असलेल्याला ते पोचतच नाही. जागा होईल तेव्हा मरेल, आणि जागा तो होणार नाही. कोण कुठल्या अवस्थेत आहे बघावं म्हणून दुसऱ्या खिडकीत पीएस, म्हणजे चालू प्रोसेसची यादी देणारी आज्ञा, दिली. पीएसने भराभर नावं छापली आणि बरोबर माझ्या प्रोग्रामपाशी येऊन तोही थांबला. कारण कुठला प्रोसेस कुठल्या शब्दांनी सुरू झाला हे सांगायला पीएसला त्या प्रोसेसच्या मेमरीत डोकावावं लागतं, आणि त्यासाठी तोच एममॅप लॉक. म्हणजे कोण अडकलंय हे विचारायला गेलेलाही अडकला. तिसऱ्या खिडकीतून सिस-आर-क्यूला, म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीला, ‘डब्ल्यू’ दिला तेव्हा कर्नलने झोपलेल्यांची यादी ओकली. वर माझे थ्रेड, खाली बिचारा पीएस. दोन मिनिटं उलटून गेल्यावर कर्नलनेही आपणहून कळवलं, हे काम 120 सेकंदांहून जास्त वेळ अडकलंय म्हणून. आता काय उपयोग! बोर्डाची वायर उपटून परत लावली.

त्या रविवारी सांगलीला फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, सध्या काय चाललंय. एरवी मी “तेच, कंप्युटर” म्हणून विषय बदलते. पण बाबा पुणे-मिरज मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनाचे स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेत, आणि तो मार्ग तेव्हा एकेरी होता. त्यांना हे कळेल असं वाटलं.

कळायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. “म्हणजे टोकन होतं, पण तरी अडकली,” ते म्हणाले.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात शिरायला गाडीच्या ड्रायव्हरला टोकन लागायचं. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेला. गोळा एका वेळी एकच बाहेर निघतो, म्हणून पट्ट्यात गाडीही एकच. मी लहानपणी तो हातात घेऊन बघितलाय, चांगला जड होता. “टोकन टक्कर होऊ देत नाही,” बाबा म्हणाले. “पण कोंडी टोकनला कळत नाही. माझ्या स्टेशनात तीन लाइनी, तिन्हीवर वर जाणाऱ्या गाड्या उभ्या. पुढच्या स्टेशनात तीन लाइनी, तिन्हीवर खाली येणाऱ्या. मधला पट्टा मोकळा, टोकन यंत्रात आहे, सिग्नल चांगला आहे. सांग, कुठली गाडी सोडू?”

“कुठलीच नाही.”

“मग? टोकन काय कामाचं? ते बघायला कंट्रोलर असतो. शेवटची लाइन भरायच्या आधीच तो मागच्या स्टेशनाला सांगतो, थांबव. आणि एवढं करून झालीच कोंडी तर गाडी मागे घ्यायची. लाज वाटते, पण घ्यायची.”

मी गप्प झाले. कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये कोंडीला लागणाऱ्या चार अटी मांडल्या, त्या आम्ही कॉलेजात पाठ केल्या होत्या. वस्तू एका वेळी एकाचीच, हातातलं न सोडता दुसरं मागणं, दिलेलं हिसकावून घेता न येणं, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ. चारातली एक मोडली तरी कोंडी टळते. बाबांची मागे घेतलेली गाडी म्हणजे तिसरी अट मोडणं. कर्नलच्या म्यूटेक्सला, म्हणजे आमच्या त्या लॉकला, ती सोय नाही. दिलेला लॉक हिसकावता येत नाही, कारण धरणाऱ्याने वही अर्धवट लिहून ठेवलेली असते. म्हणून आमच्याकडे बहुतेक वेळा चौथीच मोडायची: सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे, की वर्तुळ तयारच होत नाही.

मागून आई म्हणाली, “लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसलंच ना?” तसलंच. एका म्हणीत दोन लॉक, दोन सीपीयू.

बाबांच्या कंट्रोलरसारखा आमच्याकडे लॉकडेप आहे, ते पत्रक काढणारा तपासनीस, पण त्याची तऱ्हा वेगळी. इंगो मोल्नारने तो लिहिला आणि 2006 मध्ये 2.6.18 बरोबर तो कर्नलमध्ये आला. तो कोंडी होण्याची वाटच बघत नाही. कुणी अ धरून ब घेतला की तो टिपून ठेवतो: अ नंतर ब. पुढे कधीतरी, तासांनी, दुसऱ्याच प्रोसेसमध्ये, कुणी ब धरून अ घेतला की तो टिपणं जुळवतो आणि ओरडतो. दोघे एकाच वेळी यायची गरज नाही. दोन्ही वाटांवरून एकेकदा कुणीतरी जाऊन आलं की पुरे. माझ्या टेस्टमध्येही यादी रात्री अकराला मागितली गेली होती आणि बफर जोडणं दोनला झालं. मधले तीन तास तो वही उघडून बसला होता.

शिवाय तो प्रत्येक लॉक वेगळा मोजत नाही, त्याची जात मोजतो. हजार फायलींचे हजार लॉक, पण टिपणात ती एकच जात. म्हणून थोड्या अनुभवावरून तो पुष्कळ बोलू शकतो, आणि म्हणूनच कधी कधी नको तिथेही ओरडतो. त्याला गप्प करायच्या युक्त्या आहेत. ‘हा आतला लॉक आहे, माहितीये मला’ असं लॉक घेतानाच सांगायची सोय आहे. ती रास्त ठिकाणी रास्त आहे. पण पुष्कळ लोक ती गाडीतल्या सीटबेल्टच्या पिपाणीला गप्प करायला मागून बक्कल खोचतात तशी वापरतात. मलाही त्या शुक्रवारी संध्याकाळी मोह झालाच. खोटं कशाला बोलू?

शिवाय तपासनीस एकदा ओरडला की मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत स्वतःला बंद करून घेतो. हे मला माहीत होतं, तरी मी त्यात फसले.

कारण पहिला पॅच मी अगदी सरळ केला. यादी लॉकच्या आत आपल्या जागेत उतरवून घ्यायची, लॉक सोडायचा, मग प्रोग्रामला द्यायची. दहा ओळी. टेस्ट लावली, आणि अर्ध्या तासात तेच पत्रक, तेच वर्तुळ. फक्त यादीच्या जागी ‘एक्स्पोजर किती आहे’ विचारणारं आयऑक्टल. ते दुरुस्त केलं असतं तर तिसरं आलं असतं. कारण लॉक त्या फंक्शनांत घेतलेलाच नव्हता. तो आयऑक्टलच्या दारातच, सगळ्यांसाठी एकदम घेतला होता, आणि त्या दाराने चौदा जण आत जात होते. प्रत्येक जण आत उभा राहून प्रोग्रामच्या मेमरीला हात लावत होता.

असं कुणी का लिहिलं असेल? मी इतिहास उपसायला बसले, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात खरं वाचण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे.

1996 मध्ये 2.0 बरोबर लिनक्सला एकाहून जास्त सीपीयू चालवता येऊ लागले तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एक मोठा लॉक होता, बिग कर्नल लॉक. आयऑक्टल त्याच्या छत्राखाली चालायची. या लॉकची एक गंमत होती: धरणारा झोपला की तो आपोआप सुटायचा आणि जाग आली की परत मिळायचा. पेज फॉल्ट होऊन थांबायची वेळ आली की लॉक हातात उरतच नसे. म्हणजे आमच्या ड्रायव्हरच्या मूळ लेखकाने आयऑक्टलमध्ये बिनधास्त कॉपी-टू-यूजर केलं तेव्हा कोंडी होणं शक्यच नव्हतं. त्याचं बरोबर होतं.

मग तो मोठा लॉक काढायची मोहीम निघाली. वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्याने चालली, आर्न्ड बर्गमनने शेवटचे तुकडे उचलले आणि 2011 मध्ये 2.6.39 ला तो गेला. पण ड्रायव्हर हजारो. प्रत्येकाचा सखोल अभ्यास कोण करणार? मग पुष्कळ ठिकाणी सरधोपट बदल झाला: मोठ्या लॉकच्या जागी त्या ड्रायव्हरचा स्वतःचा म्यूटेक्स, त्याच दारात, त्याच ओळीवर. आमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये कधी नव्हताच, पण आमच्याकडे कुणीतरी 2011 मध्ये अगदी तसंच केलं. म्यूटेक्स मात्र झोपेत सुटत नाही. आधी ड्रायव्हरचा मग एममॅप, हा क्रम त्या दिवशी जन्माला आला. पण नुसता एक क्रम म्हणजे कोंडी नव्हे. एममॅपच्या बाजूने तेव्हा कुणी तो लॉक घेतच नव्हतं. म्हणजे त्याचंही बरोबर होतं.

2016 मध्ये तिसरा माणूस आला. बफर जोडत असताना दुसरीकडून तोच बफर मोकळा केला जाई आणि मेमरी भ्रष्ट होई, म्हणून त्याने एममॅपमध्ये लॉक घातला. ती रेस, म्हणजे दोघांची वेळेची शर्यत, खरी होती, ग्राहकाकडे घडलेली होती. त्याचं तर बरोबर होतंच.

तीन बरोबर माणसं, आणि त्यांच्या मध्ये, कुठल्याच ओळीवर नसलेली, एक चूक.

दुरुस्ती शेवटी लहानच निघाली. बफरांच्या तक्त्याला वेगळा, छोटा लॉक दिला. एममॅप आता ड्रायव्हरच्या मोठ्या लॉकला हात लावत नाही, फक्त हा छोटा घेतो. तक्ता बदलायचा असेल तर दोन्ही लॉक घ्यायचे, नुसता वाचायचा असेल तर दोन्हींपैकी कुठलाही एक पुरतो. त्यामुळे त्या चौदा जणांना काहीच बदलावं लागलं नाही. क्रम ठरला: आधी ड्रायव्हरचा, मग एममॅप, मग तक्त्याचा. आणि तक्त्याचा लॉक हातात असताना प्रोग्रामच्या मेमरीला स्पर्श करायचा नाही. हे चार ओळींत कोडमध्ये स्ट्रक्टच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या माहितीच्या साच्याच्या, डोक्यावर लिहून ठेवलं. मुख्य कर्नलच्या मेमरी विभागातही आरमॅपच्या फायलीत वरच लॉकांची अशी उतरंड लिहिलेली आहे, पायरी-पायरीने आत सरकत जाणारी. शेजारी बसणाऱ्या मुलाने ती बघून विचारलं, मोठा लॉक नेहमी आधी का? म्हटलं, मोठेपणाचा संबंध नाही. पुण्यात मानाचे पाच गणपती ठरलेल्या क्रमाने निघतात, आणि ज्याच्यापुढे मुंगीला शिरायला जागा नसते तो दगडूशेठ त्या पाचांत नाहीच. क्रम सगळ्यांना एकच माहीत असला म्हणजे झालं.

टेस्ट शनिवार-रविवार लावून ठेवली. दुष्ट थ्रेडसकट, 50 मिलिसेकंदांच्या डुलकीसकट. सोमवारी लॉगमध्ये काही नव्हतं. मॅनेजरला दाखवायलाही काही नव्हतं. आधी मशीन अडकत नव्हतं, आता मशीन अडकत नाही.

कमिट, म्हणजे केलेल्या बदलाची नोंद, लिहायला बसले आणि एका ओळीपाशी अडले. आमच्याकडेही कर्नलचीच रीत आहे: दुरुस्ती असेल तर खाली ‘फिक्सेस’ असं लिहून ज्या कमिटने चूक आली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि शीर्षक द्यायचं. जुन्या आवृत्त्यांत ही दुरुस्ती कुठपर्यंत मागे न्यायची ते त्यावरून ठरतं. म्हणजे प्रश्न शिष्टाचाराचा नव्हे, कामाचा. पण कुठली बारा अक्षरं? मूळ लेखकाची तर नक्कीच नाहीत. 2011 ची? तेव्हा वर्तुळ अर्धंच होतं. वर्तुळ पुरं झालं 2016 ला, म्हणून दुरुस्तीची गरज तिथपासूनच. हिशेब चोख होता. मी 2016 ची बारा अक्षरं लिहिली आणि वर कारण लिहिलं: या कमिटने एममॅपमध्ये चुकीच्या क्रमाने लॉक घेतला.

ते कमिट ज्याचं, तो आता आमच्याकडे नाही, पण नंबर होता. तुझं नाव एका फिक्सेसखाली जातंय, एवढं आधी कळवावं म्हणून मेसेज केला आणि पॅचही पाठवला. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं. “वेगळा लॉक चांगला केलास. मला ते सुचलं नव्हतं. ती रेस तीन रात्री पकडत होतो, चौथ्या रात्री सापडली तेव्हा हाताशी जो लॉक होता तो घेतला.”

सकाळी पाठवण्याआधी संदेश पुन्हा उघडला. ‘चुकीच्या क्रमाने’ हे शब्द काढून तिथे ‘एममॅप लॉक हातात असताना’ असं लिहिलं. बारा अक्षरं तीच ठेवली.